गहिनीची काशाची वाटी

खडकवाडी, ता. पाथर्डी
१२ जून १९७२

गोजरवहिनी,

पत्र दादाच्या नावाने न टाकता तुमच्या नावाने टाकलं आहे. तुम्हाला वाचता येतं हे घरात अजून कुणाला सांगितलं नसेल, तर पोस्टमनने हाक मारल्यावर काय सबब सांगायची ते तुमचं तुम्ही बघा. माझ्या लग्नाआधी दुपारच्या वेळी परातीतल्या पिठावर बोटाने मी तुम्हाला अक्षरं काढून दाखवत होते, तेव्हा 'ळ' काही केल्या तुम्हाला जमत नव्हता. आता जमतो का?

सलोख्यासाठी लिहिते आहे असं समजू नका. कामापुरतं लिहिते. गहिनीनाथची काशाची वाटी तुमच्याकडे राहिली आहे. निघायच्या गडबडीत चुलीमागच्या फळीवर विसरली. ती पाठवून द्यावी. कोल्हारहून या बाजूला येणारं कुणी ना कुणी असतंच.

एका वाटीसाठी ही बाई पत्र लिहिते, असं तुम्हाला वाटेल. पण त्या वाटीला आजवर गहू, दूध किंवा शेंगदाणा शिवलेला नाही. पौषात नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, की याच्या आतड्यांना गहू सोसत नाही, त्याचा कणसुद्धा पोटात जाता कामा नये. दूधही बंद केलं. शेंगदाण्याचं मीच शोधून काढलं. एक दाणा खाल्ला तर ओठ सुजले, डोळे मिटले, अंगभर गांधी उठल्या. तेव्हापासून त्याचा तवा वेगळा, परात वेगळी, वाटी वेगळी. बाजरीची भाकरी, मुगाचं वरण, मिळाला तर भात, यावर पोरगं जरा बाळसं धरू लागलं होतं.

हे सगळं मी दादाला सांगितलं होतं. त्याने तुमच्या कानावर घातलं नसेल तर तो तुम्हा नवरा-बायकोचा प्रश्न आहे.

आखितीच्या सणाला जे झालं ते मी उगाळत बसत नाही. जावळ मामाच्या मांडीवर निघतं म्हणून आम्ही एवढ्या लांबून आलो. मामीचा मानाचा घास म्हणून तुम्ही पुरणपोळी दुधात कुस्करून त्याच्या तोंडात घातली. मी बोट घालून घास बाहेर काढला आणि त्याला पानावरून उचललं. सगळी पंगत बघत होती. छबूबाई काकी म्हणाल्या, "आगं, इख घातलंय का काय तिनं?" त्यावर मी बोलले ते बोलले. न्हावी वस्तरा पाजळून ओट्यावर बसून राहिला आणि आम्ही एस.टी.च्या फाट्याकडे चालू लागलो. उगाळत नाही म्हटलं आणि सगळं उगाळलं. माझं असंच आहे.

एक विचारायचं राहिलं. घरचं कार्य, आणि तुम्ही ते हिरवं लुगडं का नेसला होता? काठाला उंदराने कुरतडलेलं? दुसरं नव्हतं का? असो.

वाटी तेवढी पाठवा.

लंका


खडकवाडी
भाऊबीज, १९७२

वहिनी,

पाच महिने झाले. वाटी नाही आणि पत्रही नाही. आज दादा येईल असं सकाळपासून वाटत नव्हतं, तरी दोन वेळा फाट्यापर्यंत जाऊन आले. दुसऱ्या बायकांना सांगितलं, गोवऱ्या वेचायला गेले होते. आता दिवस मावळला की चंद्राला ओवाळीन. ज्यांना भाऊ नाही त्यांच्यासाठी ती सोय आहे, माझ्यासारखीलाही चालेल.

या भागात पाऊस झाला नाही, ते तुम्ही ऐकलंच असेल. दोन्ही विहिरी तळाला गेल्या. आमची काळजी नसावी. कणगीत भरपूर बाजरी आहे. गहिनीचे बाबा मंडळींबरोबर ऊसतोडीला गेले, तुमच्याच बाजूच्या कारखान्याला. त्यांना मी बजावलं आहे, कोल्हारच्या पुलावरून रोज गेलात तरी घराकडे वळायचं नाही.

गहिनी वाटीची आठवण काढतो. दुसऱ्या भांड्यात वाढलं की ढकलून देतो आणि विचारतो, "माजी वाटी कुटंय?" मी सांगते, हरवली.

त्याचे केस आता खांद्याच्या खाली आले आहेत. जावळ झाल्याशिवाय कात्री लावता येत नाही, म्हणून मी त्याच्या दोन वेण्या घालते. परवा बाजारात एक म्हातारी म्हणाली, "पोरगी नाकीडोळी ग्वाड हाय." त्याने तिला लगेच पुरावा दाखवला. सगळा बाजार हसला. मीही हसले, खूप दिवसांनी.

वहिनी, खरं सांगू का, मी थकून गेले आहे. उपासाला कुणी थकत नाही, पण दिवसभर दुसऱ्याच्या हाताकडे बघत बसणं फार वाईट. शेजारीण कडेवर घेते, तर मी तिच्या मुठीत काय आहे ते बघते. देवळात प्रसाद वाटतात, तर मी पुजाऱ्याच्या आधी गहिनीचा हात धरते. बायका म्हणतात, लंकाबाईचं पोरगं राजाचं आहे, आपल्या घरचं त्याला चालत नाही. त्यांना काय सांगणार? देवाच्या प्रसादाला नको म्हणणारी आई कशी दिसते ते माझं मलाच कळतं. आमच्या रंगुबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्यांना तर तोंडाने कितीही सांगा. मी पाण्याला गेले की त्या चहात बुडवलेली चपाती त्याला भरवतात. धरल्या की म्हणतात, "आगं, येवढ्याशानं काय हुतंय? आमी काय चार लेकरं वाढिवली न्हाईत व्हय?" मग तीन दिवस पोट फुगतं, परसाकडं लागून लागून पोरगं पांढरंफटक पडतं, आणि धुणं मी धुते. धुवायला पाणीही नाही.

तेही पत्करलं. पण सासूबाई गावाला गेल्या होत्या त्या दिवसांतही त्याला बरं वाटेना. नुसती बाजरी खात होता, तरी पोट तसंच. मी डोकं धरून बसले. मग दळणाचा डबा घेऊन गिरणीत गेले, तर माझ्या आधी एका बाईचा गहू दळून निघत होता. गिरणीवाल्याने तिचा गहू काढला आणि त्याच्यावरच माझी बाजरी ओतली. पहिलं मापभर पीठ पांढरंच पडलं. म्हणजे रोज मीच माझ्या हाताने त्याला घालत होते. तेव्हापासून गिरणी बंद. सासूबाईंचं जुनं जातं अंगणातून आत घेतलं, टाकीवालीकडून छिन्नीने टोचून घेतलं, आणि पहाटे दळते. हाताला घट्टे पडले आहेत, पण पोट उतरलं.

आणखी एक सांगते, कुणाला सांगू नका. गेल्या आठवड्यात त्याला रस्त्यावर बिस्किटाचा रिकामा कागद सापडला. तो चाटत होता. कागदात काहीच नव्हतं, नुसता वास होता. मी त्याच्या थोबाडीत मारली. तीन वर्षांचं पोरगं, त्याने रडायचं सोडून तो कागद घडी करून मला परत दिला. तो कागद मी अजून टाकलेला नाही. का ठेवला ते मला सांगता येत नाही.

पंगतीत मी काय बोलले ते तुम्ही विसरला नसाल. छबूबाई काकींना मी म्हणाले, "काय घातलंय ते तिचं तिला ठाव." मला गहू म्हणायचं होतं. लोकांनी त्याचा भलता अर्थ काढला, त्याला मी काय करू? लेकरू नसलेल्या बाईने ननंदेच्या लेकराला काही खाऊ घातलं, म्हणजे करणीच केली, असं लोकांच्या डोक्यात आधीच असतं. ते मी घातलेलं नाही.

वाटीचं बघा.

लंका


पाझर तलावाचं काम, खडकवाडी
१६ जानेवारी १९७३

वहिनी,

हे पत्र दुपारच्या सुट्टीत बाभळीखाली बसून लिहिते आहे. मी आता दुष्काळी कामावर जाते. माती उकरायची, टोपल्या वाहायच्या. इथे लिहिता येणारी बाई मी एकटीच, म्हणून सुट्टीत सगळ्यांची पत्रं मीच लिहिते. कुणाचा नवरा कारखान्यावर, कुणाचा भाऊ मुंबईला. सगळ्याजणी सांगतात, लिही, आमी सुखी हाओत. मी लिहिते. स्वतःच्या पत्रातही मी तेच लिहिलं होतं. कणगीचं खोटं होतं. कणगी दसऱ्यालाच खरवडून झाली होती.

मधे रेशनवर मिलो येत होता. तांबडी, कडसर ज्वारी. सगळं गाव त्याला नावं ठेवायचं, भाकरी थापली की फुटते, गुरंसुद्धा तोंड फिरवतात. मी एकटीच दुकानाच्या दाराशी सकाळपासून बसायची, कारण तो गहिनीला सोसायचा. आता दीड महिना झाला, नुसता गहू येतो. लोक खूश आहेत. दुकानदाराला मी विचारलं, पुन्हा मिलो कधी येणार, तर सगळी रांग माझ्याकडे बघून हसली. तो म्हणाला, "बाई, लोकं गव्हासाठी भांडत्यात आन तुमी मिलो मागताय. डोकं ठिकानावर हाय का?" गावात मग मी घरोघर फिरून गहू देऊन बाजरी घेतली. कुणी पायली दिली, कुणी शेर. आता देणाऱ्यांकडेही उरलेली नाही.

भोगीला तीळ लावून भाकरी केली. सासूबाई म्हणाल्या, "सनाला तरी एक आपल्याला ठिव." मी नाही ठेवली. दोन गहिनीसाठी केल्या. त्याला तीळ सोसतात, देवाने तेवढं ठेवलं आहे. त्या दोन भाकरींत घरातली बाजरी संपली.

कामावर पोरांना दुपारी सुकडी वाटतात. गहू, गूळ, तेल आणि दुधाची पावडर घालून करतात, आमच्या इथे शेंगदाण्याचा कूटही असतो. बाकीच्या पोरांना ती मानवली. ज्यांच्या फासळ्या मोजता येत होत्या ती पोरं आता टोपल्यांवरून उड्या मारतात. हे सरकारने चांगलं केलं, मी नाही म्हणणार नाही. पण माझ्या पोराचे सगळे वैरी त्या एका वडीत आहेत. वाटप सुरू झालं की मी त्याला घेऊन तलावाचा बांध ओलांडून पलीकडे जाते. वास तिकडेही येतो. तो मला म्हणतो, "आई, मी बगत न्हाई." आणि डोळ्यांवर हात ठेवून बसतो. मग बोटांच्या फटीतून बघतो.

काल त्याने सुकडी खाल्ली. माझी नजर चुकवून कुणाची तरी उचलली. तेव्हापासून उलट्या आणि जुलाब आहेत, तोंड सुजलं आहे. तो सासूबाईंजवळ घरी आहे. त्या काल संध्याकाळपासून त्याच्या उशाशी बसून आहेत आणि मला काही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मी काही मागत नाही. तुमच्याकडे कालव्याचं पाणी आहे, बाजरी झाली असेल, हे मला माहीत आहे. नुसतं माहीत आहे म्हणून लिहिलं.

मुकादमाने हाक मारली. थांबते.

लंका


नगर, दवाखान्याचा व्हरांडा
११ फेब्रुवारी १९७३

वहिनी,

गहिनीला इथे ठेवून बारा दिवस झाले. वजन साडेसात किलो भरलं. तीन वर्षांच्या पोराचं. केस विंचरले की पुंजकेच्या पुंजके हातात येतात. ज्या जावळासाठी एवढं रामायण झालं, ते आपोआपच गळून जाईल की काय अशी भीती वाटते.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, काय दिलं होतं? मी म्हणाले, त्याने उचलून खाल्लं. ते म्हणाले, "बाई, याला औषधाचा उपयोग नाही. याला बाजरी द्या, ज्वारी द्या, तांदूळ द्या. त्यावरच हा जगेल. पुन्हा असं झालं तर माझ्याकडे आणूनही काही होणार नाही." आठवडाभरात घरी सोडणार आहेत. घरी नेऊन मी त्याला काय घालू? रेशनचा गहू आहे.

म्हणून मी आता मागते. वहिनी, बाजरी पाठवा. जितकी देता येईल तितकी. मला देऊ नका, त्याला द्या.

पण मागायचं तर खोटं बोलून मागू नये. तुम्ही हे वाचून पत्र चुलीत घातलंत तरी मी तुम्हाला दोष देणार नाही.

त्याने सुकडी उचलली नव्हती. मी दिली. भोगीच्या दोन भाकरींवर मी त्याला दीड दिवस काढायला लावला, मग नुसतं मुगाचं पाणी. तो रडायचाही थांबला होता. हात लांब करायचा आणि मूठ उघडझाप करायचा. सगळी पोरं खात होती. मी माझ्या हाताने वडी घेतली, तुकडा केला आणि त्याच्या तोंडात घातला. त्याने माझ्याकडे बघून विचारलं, "खाऊ?" मी म्हणाले, खा. त्याने इतक्या आनंदाने खाल्ला, वहिनी, की मी दुसरा दिला. काय होणार ते मला पुरतं माहीत होतं. तुम्ही न जाणता एक घास दिलात आणि मी तो सगळ्या भावकीसमोर बोट घालून काढला. मी जाणून दोन दिले आणि माझं बोट धरायला कुणी नव्हतं.

सासूबाईंनी ओळखलं होतं. त्या दिवसापासून त्यांनी पोराला चोरून काही दिलेलं नाही. इथे मला गव्हाची चपाती घेऊन येतात तर पदराला हात पुसून मग त्याला शिवतात.

आणि दादाला गव्हाचं सांगितलं होतं, तेही खरं नाही. पोराला पोटाचं दुखणं आहे, एवढंच त्याला म्हणाले होते. तुम्हाला तर काहीच कळवलं नाही. तुम्ही त्याच्या तोंडात काय घालता ते मला बघायचं होतं. एवढी मी तुम्हाला जोखत होते.

ते का, तेही सांगते. आठवतं का, तो वर्षाचा असताना दिवाळीला मी माहेरी आले होते. तुम्ही हाताने वळलेल्या शेवयांची खीर त्याला मांडीवर घेऊन भरवली. त्याचं ते पहिलं गोडधोड. तुम्ही एक चमचा भरवायचा आणि स्वतःचंच तोंड उघडायचा, ते बघून मी हसले होते. तिथून परत आले आणि त्याचं पोट बिघडलं ते बिघडलंच. आता कळतं, की त्यात गहू होता आणि दूधही होतं. तेव्हा कळत नव्हतं. मी त्याला पुंजाराम भगताकडे घेऊन गेले. त्याने विचारलं, "कुनाच्या हातचं खाल्लं? जिला लेकरू न्हाई असल्या बाईच्या?" वहिनी, मी मान हलवली. त्याने नाव विचारलं आणि मी तुमचं नाव सांगितलं.

त्याने सांगितलं, तिच्या अंगावरच्या लुगड्याचा काठ आणा, ताईत करून पोराच्या दंडाला बांधू. पुढच्या खेपेला मी आले तेव्हा तुमचं हिरवं लुगडं दोरीवर वाळत होतं. तुम्ही मला गरम पाणी काढायला आत गेला होता. दुसऱ्या दिवशी तुम्ही म्हणालात, "लंकाबाई, बघा की, उंदरानं काठ कुरतडला." मी म्हणाले, बाई बाई, नवं लुगडं. तो उंदीर नव्हता.

डॉक्टरांनी गव्हाचं सांगितल्यावर मी तो ताईत सोडून चुलीत टाकला. मनातून मात्र तो सगळा गेला नव्हता. पंगतीत तुमचा घास बघितला आणि तो शब्द तोंडातून निघाला तेव्हा मला गहू म्हणायचं होतं, असं मी मागे लिहिलं. मला दोन्ही म्हणायचं होतं. तुमच्या डोळ्यांत मी बघितलं होतं की तुम्हाला ते समजलं. सात वर्षं लोक तुम्हाला जे पाठीमागे म्हणत होते, ते मी तोंडावर म्हणाले. ज्या बाईने माझ्या लग्नात माझ्या हातांना हळद लावताना रडून रडून हळद ओली केली, तिला.

मला माफ करा असं लिहायला हात धजत नाही. बाजरी तेवढी पाठवा. वाटी राहू द्या.

लंका


खडकवाडी
४ मार्च १९७३

वहिनी,

काल दुपारच्या एस.टी.ने दादा आला. टपावरून पोतं उतरवलं, फाट्यापासून पाठीवर घेऊन आला आणि ओट्यावर टाकून म्हणाला, "पानी दे." पाऊण वर्षाने भाऊ भेटला आणि हे पहिलं बोलणं. मी पाणी दिलं. मग तो म्हणाला, "गिरनीत दळू नको म्हनली तुजी वैनी. आन दुसरं पोतं पंधरा दिवसांनी." तेव्हाच मला कळलं, की तुम्ही माझं एकेक पत्र वाचलं आहे.

पोत्याचं तोंड सोडलं आणि परातभर बाजरी काढून मी निवडायला बसले. आता हातच तसे झाले आहेत, गव्हाचा दाणा शोधतात. एकही निघाला नाही. दुसरी परात घेतली. खडा नाही, काडी नाही. तिसऱ्या परातीला दादा म्हणाला, "किती बघशील? आठ दिस झालं ती निवडतीया. शेतावरसुदिक आली न्हाई. भाकरी मीच थापल्या." तुमचा नवरा भाकरी थापतो म्हणे, वहिनी. त्या कशा झाल्या असतील ते मला इथे बसून दिसतं.

सासूबाई जात्याशी बसल्या. मला हात लावू दिला नाही. म्हणाल्या, "पैलं दळान माजं." त्यांच्या खांद्यात वर्षभर वात आहे. थांबत थांबत दोन शेर दळलं.

गहिनी परवाच घरी आला आहे. अजून चालताना भिंत धरतो. दादाला तो ओळखेल असं वाटलं नव्हतं, मागच्या वेळी किती लहान होता. पण तो भिंतीच्या कडेने गेला आणि दादाच्या मांडीवर जाऊन बसला. दादाने त्याच्या त्या विरळ झालेल्या वेण्यांवरून हात फिरवला. बराच वेळ फिरवत राहिला. मग खिशातून चौघडी कागद काढून मला दिला. "तुज्या वैनीनं दिलाय. तिला लिवता येतंय ते मला आत्ता कळलं. मी वाचलेला न्हाई."

तुमची चिठ्ठी मी माजघरात जाऊन वाचली. पाच वेळा वाचली. अक्षर अजून पिठावर काढल्यासारखंच मोठं आहे. इथे उतरवते, कारण तुम्ही काय लिहिलंत ते तुम्हाला मी परत वाचून दाखवायला हवं, पूर्वीसारखं.

"लंकाबाई. बाजरी निवडून पाठीवली. उंदीर न्हवता ते मला तवाच कळलं हुतं. उंदीर कातरीनं कापीत न्हाई. कशापायी कापला तेबी कळलं. म्हनून जावळाला तेच लुगडं नेसले. तुमी बघाल आन बोलाल म्हनून. तुमी बघितलं. मला लई राग आला. आजूनबी हाय. पोराचा न्हाई. आखितीला जावळ करू. गहू घरातून काढलाय, शेजारच्या वाड्यावर ठिवला. पंगत बाजरीची घालू. भावकी हसंल, हसू द्या. वाटी मागू नका. ती हितंच राहू द्या. त्यो आला की लागंल."

'जावळ'मधला ळ नीट आला आहे.

राग आहे असं तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. नसता तर मला भीती वाटली असती. तो तुम्ही ठेवा, जितके दिवस ठेवायचा तितके. मी आखितीला येईन तेव्हा तुमच्यासमोर बसेन आणि तुम्ही बोलाल ते ऐकेन. हिरवं लुगडं नेसा.

दादा आज सकाळच्या गाडीने परतला. हे पत्र त्याच्याच हाती देणार होते, पण लिहून होईना, म्हणून पोस्टात टाकते. तो गेल्यावर मी पहिली भाकरी केली, वेगळ्या तव्यावर. गहिनीला जर्मनच्या ताटलीत कुस्करून दिली. त्याने नेहमीप्रमाणे ताटली ढकलली आणि विचारलं, "माजी वाटी कुटंय?"

मी सांगितलं, मामीकडं हाय.

लंका